पायाच्या झांजेची वाटणी

"किलोला काय भाव?"

डहाणूच्या बाजारात सासऱ्यांच्या वाद्यांच्या दुकानात बसायला लागले, त्या पहिल्याच हंगामात एका गिऱ्हाइकाने हाय-हॅटची प्लेट हातात तोलत मला हा प्रश्न विचारला. मला हसू आलं नाही, कारण तोवर मलाही तसंच वाटत होतं. धातूची वस्तू, भांड्यासारखी चकाकते, वजनावर विकली तर बिघडलं कुठं? सासरे आतून हार्मोनियमचे सूर लावता लावता ओरडले, "वजनावर भांड्यांची मोड घेतात! ही वाजवायची वस्तू आहे." गिऱ्हाइकाने प्लेट खाली ठेवली आणि शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून एक परात घेतली. ती परात पुढे त्याच्या बँडमध्ये वाजली की तिच्यात पीठ मळलं गेलं, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या माहेरी वाद्य म्हणजे देवघरातली घंटा, तीही आरतीपुरती. सासऱ्यांच्या मागे दुकान नवऱ्याकडे जायला हवं होतं, पण त्यांचा सगळा जीव चिकूच्या वाडीत. कुठला चिकू कधी उतरवायचा हे त्यांना झाडाखालून जाता जाता कळतं, पण तबला कुठला आणि डग्गा कुठला हे आजही विचारून सांगतात. त्यामुळे दुकान माझ्या गळ्यात पडलं. बाजारात गुजराती व्यापारी जास्त, म्हणून मी मराठी घरातली सून असूनही बघता बघता अख्ख्या बाजाराची 'भाभी' झाले. किनाऱ्यावरच्या वरोरपासून आतल्या सायवनपर्यंत आणि वर तलासरीपर्यंत जेवढे बँड, बँजो पार्ट्या आणि भजनी मंडळं आहेत, त्यांतली बहुतेक सगळी मला याच नावाने ओळखतात. खरं नाव फक्त वीजबिलावर राहिलं आहे.

ज्यांनी ड्रमसेट जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हाय-हॅट म्हणजे एका उभ्या दांड्यावर तोंडाला तोंड लावून बसवलेल्या दोन प्लेटा. दोन बशा एकमेकींवर झाकाव्यात तशा. खाली पायाचं पेडल असतं. ते दाबलं की वरची खालचीवर येते आणि 'चिक' असा आवाज होतो. बंद ठेवून काडी मारली तर 'टिक टिक', उघडी ठेवून मारली तर 'छुस्स'. आमच्याकडे हिला 'पायाची झांज' म्हणतात आणि माझ्या मते कंपनीने ठेवलेल्या नावापेक्षा ते नाव बरं आहे. वरातीत नाचणाऱ्याला ढोल ऐकू येतो, गाणं ऐकू येतं, हिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण ती मध्येच थांबली तर नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकतात. घरातली कर्ती बाई चार दिवस माहेरी गेली की घराचं होतं ना, अगदी तसं.

ती निवडायची कशी? लोक काडी मारून बघतात, ते चूक. आधी पायाने ऐकायची. 'चिक' नीट आला नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे. मग धातू. स्वस्तातली पितळेची असते, चांगली काशाच्या जातीची. आपण तळपायाला तूप चोळायला काशाची वाटी वापरतो, त्याच कुळातला धातू. पितळेची प्लेट वाजवली की स्वयंपाकघरात काहीतरी पडलं असं वाटतं. मग जाडी. वरची हलकी हवी, खालची भारी, नाहीतर दोघी एकदमच बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. आणि शेवटची गोष्ट माझी स्वतःची, ती कुठल्याही पुस्तकात नाही. गिऱ्हाइकाला दुकानात वाजवायला बसवायचं आणि आपण रस्ता ओलांडून रिक्षा स्टँडवर जाऊन उभं राहायचं. कारण वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं ते लग्नातल्या कुणालाच ऐकू येत नसतं.

या पद्धतीमुळे स्टँडवरचे रिक्षावाले हळूहळू जाणकार झाले. मी नसले तरी ते दुकानाकडे तोंड करून ओरडायचे, "भाभी, ही नको, डोकं उठतंय!" माझ्या हयातीत त्यांच्याइतका निःस्वार्थ परीक्षक मला भेटला नाही. त्यांना फक्त शांतपणे झोपायचं असायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. तलासरीकडच्या एका चर्चचे फादर आले होते, अतिशय सज्जन माणूस. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांनी ड्रमसेटचा हट्ट धरला होता. फादर म्हणाले, "ताई, अशी द्या की मुलांना वाजवल्याचं समाधान मिळेल, पण प्रार्थनेला बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू येणार नाही." मी त्यांना सगळ्यात पातळ जोडी दिली आणि काडीऐवजी वाजवायला तारांचा ब्रश दिला. महिन्याभराने ते परत आले. म्हणाले, म्हाताऱ्यांची तक्रार आहे, मुलं काहीतरी वाजवताना दिसतात पण ऐकूच येत नाही.

वरोरच्या एका पार्टीने दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी आपली सगळी वाद्यं घासली. ताशा पुसला, कीबोर्ड पुसला, आणि हाय-हॅट घरच्या बायांच्या हवाली केली. बायांनी ती घरच्या हंड्याकळशीबरोबर चिंच आणि राख लावून नारळाच्या शेंडीने अशी घासली, की कंपनीचं नाव गेलं, अंगावरच्या बारीक रेघा गेल्या आणि इतके दिवस मुरलेला आवाजही गेला. ते लोक माझ्यासमोर ती लखलखीत जोडी धरून उभे राहिले, माझ्या तोंडून शाबासकी ऐकायला. आता काय बोलणार? चिंच चांगली होती एवढं मात्र मी म्हटलं.

हल्लीची मुलं मोबाइल घेऊन येतात. कानाशी धरून म्हणतात, भाभी, हा आवाज पाहिजे. त्या चिमुकल्या डबीतून येणारा आवाज ऐकून प्लेट निवडायची म्हणजे फोटोवरून चिकू दाबून बघायचा. बरं, त्यांना तरी मी का बोलू? अर्ध्याहून जास्त पार्ट्यांकडे आता बटणाचं यंत्र आहे. एक बटण दाबलं की जगातली सगळ्यात महाग हाय-हॅट वाजते आणि ती घासायला चिंचही लागत नाही. माझ्या दुकानाच्या पुढच्या भागात हल्ली मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. ती निवडायला लोक जेवढा वेळ घेतात, तेवढा वेळ कुणी प्लेटांना दिलेला मी फार दिवसांत पाहिला नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि कव्हरं खपतात याचं बरंही वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते एकाच जोडीबद्दल. माझ्या हातून लागलेली सगळ्यात चांगली जोडी, आणि तिची झालेली वाटणी.

सायवनच्या अलीकडच्या एका पाड्यावर रमण आणि लहानू यांची पार्टी होती. रमण ड्रम वाजवायचा, लहानू कीबोर्ड. लहानू हा रमणच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे नात्याने मेहुणे. दोघं पावसाळ्यात आपापल्या भातशेतीत, आणि विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा झाली की लग्नाच्या हंगामात टेम्पोवर. ते हाय-हॅट घ्यायला आले तेव्हा मी दुकानातल्या सगळ्या जोड्या वाजवायला दिल्या. रमण आत पेडलवर बसला आणि लहानू माझ्याबरोबर रिक्षा स्टँडवर, डोळे मिटून. प्रत्येक जोडीला लहानूची मान नाही म्हणूनच हलायची.

शेवटी मला राग आला आणि मी जोड्या फोडल्या. कंपनी दोन प्लेटांची जोडी लावून, कागदात गुंडाळून पाठवते, जशी घरची माणसं ठरवून लग्नं लावतात तशी. त्यातली काही टिकतात, काही नुसती राहतात. मी एका डब्यातली वरची काढली आणि भलत्याच डब्यातली खालची तिच्याखाली ठेवली. रमणने पेडल दाबलं. रस्त्यापलीकडे लहानूने डोळे उघडले. एक रिक्षावाला उठून बसला आणि म्हणाला, "हीच!" तो 'चिक' इतका स्वच्छ होता की मला आजही लिहिताना आठवतो. दोन डब्यांतल्या उरलेल्या दोन प्लेटा मी पुढे जोडी म्हणून एका दुसऱ्या पार्टीला विकल्या, आणि त्यांनी कधीही तक्रार केली नाही. यावरून जगात चांगल्या कानाची किती टंचाई आहे ते समजावं.

त्या जोडीवर रमण-लहानूच्या पार्टीने नाव काढलं. तलासरीपासून वरोरपर्यंत लोक लग्नाची तारीख त्यांना विचारून धरायचे. मग त्यांनी नवीन फ्लेक्सचा बॅनर केला आणि त्यावर रमणचा फोटो लहानूच्या फोटोपेक्षा मोठा आला. रमणचं म्हणणं, बॅनर छापणाऱ्याने केलं. लहानूचं म्हणणं, फोटो काढायला रमणच पुढे उभा राहिला होता. बायको मध्ये पडली, तर दोघांनी मिळून तिलाच गप्प केलं. ती त्यांची एकत्र केलेली शेवटची गोष्ट.

पाड्यावरची म्हातारी माणसं वाटणी करायला बसली. तिथली वाटणीची रीत सरळ आहे. जे एकच आहे ते ज्याला लागतं त्याला द्यायचं, जे दोन आहेत त्यातलं एकेक दोघांना. ड्रम रमणला, कीबोर्ड लहानूला. स्पीकरचे डबे दोन, एक इकडे, एक तिकडे. माइक दोन, एकेक. मग कुणीतरी दांड्यावरून दोन झांजा उतरवल्या. वरची रमणला, खालची लहानूला.

हे ऐकून शहरातला वाचक हसेल. पण म्हाताऱ्यांचं काय चुकलं? त्यांनी दोन बैल बघितले होते, दोन कोंबड्या बघितल्या होत्या, दोन झांजाही बघितल्या. चूक ज्यांना कळत होती ते दोघं समोरच बसले होते. "दोन्ही तूच घे" एवढे तीन शब्द पुरले असते. पण ते म्हणायला दोघांचीही जीभ वळली नाही.

पहिला रमण आला. पंच्यात गुंडाळलेली प्लेट काउंटरवर ठेवली.

"भाभी, हिला जोड पायजे. खालची द्या."

"खालची कुठं गेली?"

"वाटनीत गेली."

मला आधी कळेचना. कळल्यावर मी कपाळाला हात लावला. तो मात्र न्यायाधीशासारखा गंभीर. म्हणाला, "पंचांनी केला तो बराबरच केला. मी काय बोलनार?"

मग लहानू आला. त्याने खालची प्लेट पोरीच्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळली होती. "भाभी, वरची द्या. आन रमनला सांगू नका मी आलतो." रमणनेही मला हेच बजावलं होतं. दोघांची एवढी एकवाक्यता मी बॅनरच्या आधीसुद्धा पाहिली नव्हती.

खोटं कशाला बोलू, माझ्यातली दुकानदारीण आतून खूश झाली. एका भांडणातून दोन गिऱ्हाइकं. दोघांना एकेक नवी जोडी विकली की काम झालं. पण दोघांपैकी एकालाही नवी जोडी नको होती. नवी घेतली म्हणजे वाटणीत मिळालेली आपली प्लेट कुचकामी आहे असं कबूल केल्यासारखं झालं. दोघांनाही आपल्या अर्ध्याला अर्धी हवी होती, आणि आवाज पहिलाच. मी जोड लावून बघितली. रमणच्या वरचीखाली दुकानातल्या सगळ्या खालच्या ठेवून झाल्या, लहानूच्या खालचीवर सगळ्या वरच्या. पेडल दाबून दाबून माझा पाय भरून आला. रिक्षावाले स्टँड सोडून पुढच्या नाक्यावर गेले. 'चिक' काही येईना.

"नाही जमत," मी दोघांना वेगवेगळं सांगितलं. "दुसरी कुठलीही प्लेट आणा, तो आवाज येणार नाही."

दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू दुसऱ्याने मला फितवलं आहे.

दोघांच्या या हट्टाचं कारण मला नंतर कळलं, आणि ते सांगायला आली सुनंदा. रमणची मुलगी, लहानूची भाची. डहाणूच्या कॉलेजात शिकलेली, बोलणं निम्मं पाड्याचं, निम्मं शहराचं. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा तलासरीकडचा. त्यांच्यात लग्न लावते ती धवलेरी. गाणी म्हणून लग्न लावणारी बाई असते ती, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. आणि मामा हात धरून मांडवात नेल्याशिवाय मुलीचं पाऊल मांडवात पडत नाही. मामाने कळवलं होतं, येतो, पण माझी पार्टी वाजेल. बापाने कळवलं होतं, माझ्या अंगणात माझीच पार्टी वाजेल. आणि दोघांनाही त्या अंगणात सगळ्या गावासमोर तो जुना आवाज काढून दाखवायचा होता. ज्याच्याकडे तो आवाज, ती खरी पार्टी, असं दोघांनी मनात धरलं होतं.

"भाभी, लग्न होईस्तोवर कोणालाच जोड देऊ नका," सुनंदा म्हणाली.

"माझं दुकान आहे की अन्नछत्र? गिऱ्हाइकाला परत पाठवायला बसलेय का मी?"

"दिली तर एक जिंकेल. जो हरेल तो मांडवात येनार नाय."

"आणि नाही दिली तर?"

"तर दोघं पन बेसूर वाजवतील. बेसूर चालेल मला. मामा पायजे आन बाबा पन पायजे."

बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ओढणीने पुसलं आणि उगाचच एक मोबाइलचं कव्हर उलटसुलट करून बघितलं. मला तिची दया आली. मी म्हटलं, बाई गं, मी द्यायला तयार असले तरी माझ्याकडे नाहीये. जगात त्या जोडीला दुसरी जोड नाही. ती फोडून लावलेली जोडी आहे, मीच लावली. सुनंदाने लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे आवाज बाबाचे प्लेटीत हाय की मामाचे?"

मी म्हटलं, कुणाच्याच नाही.

जाताना ती म्हणाली, "लग्नाला या भाभी. नक्की या."

मी गेले. माझ्या नवऱ्याने चिकूची एक पेटी बरोबर दिली होती, तिच्यावर हात ठेवून रिक्षातून पाड्यावर उतरले, तर अंगणाच्या दोन टोकांना दोन टेम्पो. मध्ये हिरव्या फांद्यांचा मांडव. एका टेम्पोवर रमण, दुसऱ्यावर लहानू आणि त्याने कुठूनतरी पैदा केलेला एक ड्रमवाला. दोघांनीही माझं ऐकलं नव्हतंच. रमणने वापीहून खालची प्लेट आणली होती, चकचकीत पितळेची. पेडल दाबलं की पत्र्यावर चिंचा पडल्यासारखा आवाज. लहानूच्या ड्रमवाल्याकडची वरची इतकी जाड होती की दाराला कडी घातल्यासारखी वाजत होती. आणि दोन्ही पार्ट्या एकाच वेळी वाजवत होत्या, वेगवेगळी गाणी, दोन्ही स्पीकर पूर्ण उघडे. माझ्या धंद्यातलं माझं सगळं ज्ञान त्या अंगणात माझ्या कानांवर सूड घेत होतं.

धवलेरी मांडवात तांदळाच्या सुपाशी बसली होती. सुरकुतलेली, बारीक, डोळ्यांत तिखटपणा. तिने एकदा या टोकाकडे बघितलं, एकदा त्या टोकाकडे, आणि तोंडाला पदर लावून बसून राहिली. कुणीतरी म्हणालं, सुरू कर गं. ती म्हणाली, "दोघांचा थांबला का सांगा. मंग मी तोंड उघडते."

माणसं रमणकडे धावली. रमण म्हणाला, त्याला आधी थांबव. माणसं लहानूकडे गेली. लहानू म्हणाला, त्याला आधी थांबव. तलासरीहून नवऱ्याकडची मंडळी आली, ती कुठल्या तालावर नाचत आत यायचं हे न कळून कुंपणापाशीच उभी राहिली. नवरदेव मुंडावळ्या सावरत घाम पुसत होता. रमणची बायको चुलीपाशी पाठ करून रडत होती. नवरदेवाच्या मावशीने मोठ्याने विचारलं, "मामा नाय काय मुलीला?" तेव्हा मला खरंच भीती वाटली, की हे लोक आता परत जातात.

आणि हळदीने माखलेली सुनंदा एकटीच घरातून बाहेर आली. हळद लागलेली मुलगी अशी एकटी बाहेर येत नाही. बाया मागून ओरडत आल्या. तिला बघून दोन्हीकडचं वाजवणं आपोआप बंद पडलं.

त्यांच्या घरात एक रीत आहे. हळद लागलेल्या मुलीने बापाकडे एक आणि मामाकडे एक मागणं मागायचं, आणि ते मोडायचं नाही. मुली भांडी मागतात, शेळी मागतात, हल्ली मोबाइल मागतात. रमणने तिच्यासाठी कपाट आणून ठेवलं होतं, लहानूने शिलाईचं यंत्र. दोन्ही वस्तू ओटीवर फुलं घालून ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "मला कपाट नको. तुझी वरची प्लेट दे."

रमणने ओटीवरच्या कपाटाकडे बघितलं.

"मामा, मला मशीन नको. तुझी खालची प्लेट दे."

धवलेरी मांडवातून म्हणाली, "देता का नाय? पोरीच्या अंगावर हलद सुकली."

रमणने प्लेट काढली. लहानू टेम्पोवरून उतरला तो दुसरी छातीशी धरून. सुनंदाने बापाच्या ड्रमसेटचा दांडा मागवून घेतला, तो अंगणाच्या मधोमध उभा केला आणि मला हाक मारली, "भाभी, लावा."

मी आयुष्यात जोड्या दुकानात लावल्या, गोदामात लावल्या, एकदा एस.टी.च्या मागच्या सीटवरही लावली आहे. अशी कधी लावली नव्हती. खालची ठेवली, वर वरची अडकवली. तिने प्लास्टिकची खुर्ची ओढली, पिवळा पाय पेडलवर ठेवला आणि दाबला.

चिक.

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? त्या दिवशी दुकानात ऐकला होता तोच आवाज. सुनंदाने कुणाकडे बघितलंही नाही. नुसती पायाने एकसारखी लय देत राहिली. लहानपणी बापाच्या मागे टेम्पोत बसून तिने तेवढंच उचललं असावं, आणि ते पक्कं उचललं होतं. थोड्या वेळाने रमणच्या हातातली काडी ड्रमवर पडली. पलीकडे लहानू परत टेम्पोवर चढला आणि त्याची बोटं कीबोर्डवर गेली. त्यांच्या पार्टीचं ते नेहमीचं वरातीचं गाणं, ज्यावर सायवनपासून तलासरीपर्यंत माणसं नाचली होती. कुंपणापाशी अडकलेली वऱ्हाडी मंडळी नाचत आत आली. अंगणाच्या दोन टोकांना दोघं, मध्ये पिवळी पोर, आणि पार्टी अख्खी वाजत होती.

फार वेळ टिकलं असतं तर मी ते इथे लिहिलंही नसतं, कुणाचा विश्वास बसला नसता. दुसऱ्या कडव्यात कीबोर्ड पुढे सुटला. ड्रम मागे राहिला. सुनंदा दोघांच्या मध्ये लय धरून बसली होती, तिने थोडा वेळ ओढाताण सोसली आणि मग पाय उचलून घेतला. सगळं थांबलं.

शांततेत रमणचा आवाज आला, अख्ख्या अंगणावरून, मेहुण्याला उद्देशून. वाटणी झाल्यापासूनचा पहिला शब्द.

"पलतंस कुठं रे?"

"मी कुठं पलतंय? तू झोपतंस!"

"मी झोपतंय? दुसरे कडव्यात कोन सुटला?"

"आधीपासून असाच वाजवतंस तू! मी सांभालून घेतंय म्हनून!"

दोघं टेम्पोवरून उतरून मध्ये आले. हातवारे, आवाज, बोटं एकमेकांच्या नाकासमोर. चार माणसं सोडवायला धावली. सुनंदा खुर्चीवरून उठली.

"सोडवू नका," ती म्हणाली. "भांडतात ना? मंग बोलतात."

माणसं जागच्या जागी थांबली. ती मला म्हणाली, "भाभी, या प्लेटा माझे सामानात ठेवा. तलासरीला न्यायच्या हायेत." दोघांनी ते ऐकलं, पण मागणं ते मागणं. मी दोन्ही प्लेटा उतरवल्या. हळदीची बोटं उमटली होती, ती पुसली नाहीत. माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली जोडी अशा घरी चालली होती, जिथे ड्रम कुणी पाहिलाही नसेल. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घ्यायला तेव्हा वेळ नव्हता.

"मामा," सुनंदाने हात पुढे केला, "भांडन मागून कर. मला मांडवात ने."

लहानूने तिचा पिवळा हात धरला आणि चालायला लागला, पण मान मागे वळवून, रमणला ठेक्याबद्दल काय काय ऐकवत. रमण दुसऱ्या बाजूने चालत होता, तोही उत्तरं देत, मुलीच्या डोक्यावरून. तिघं तसेच मांडवात शिरले. धवलेरीने पदर तोंडावरून बाजूला केला आणि गाणं धरलं. दोघांचं तरीही चालूच होतं, आणि ते बंद करा असं तिनेही म्हटलं नाही.